अतिशय खाजगी गट

४ मार्च, सकाळ
बायको फोनकडे बघून हसली. मी समोरच बसलो होतो. माझ्याकडे बघून नाही हसली.
संशय घेणं माझ्या स्वभावात नाही. फक्त नोंद.

५ मार्च
नवीन ॲप आहे. मेसेज पाच मिनिटांत आपोआप पुसला जातो. विचारलं. म्हणाली, दवाखान्यात सगळ्यांनीच घेतलंय, पेशंटचे एक्स-रे भलत्याच्या हाती लागू नयेत म्हणून. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. डॉक्टर विधुर. दात स्वतःचे.
दाढेचा एक्स-रे बघून कोण हसतं?

७ मार्च, दुपारी ३.२०
बेत: तेच ॲप गुपचूप घ्यायचं, ती केव्हा ऑनलाइन असते ते टिपायचं. मांजराच्या पावलांनी.
३.४०. घेतलं.
३.४१. दवाखान्यातून बायकोचा फोन. तुम्ही ॲपवर आल्याचं दाखवतंय, काही काम होतं का? पाठोपाठ मेव्हण्याचा मेसेज: या भावोजी! प्लंबरनेही अंगठा पाठवला.
म्हणे खाजगी. गावभर दवंडी पिटली.

८ मार्च
निश्चय: तिच्या फोनला हात लावायचा नाही.

९ मार्च
लावला. लॉक होता. लग्नाची तारीख टाकली. चुकली. बहुधा माझीच.

१० मार्च
सरळ विचारलं, डॉक्टर की मी? हसता हसता ती खाली बसली. डॉक्टर फक्त दाढा पाठवतात. हसवते ती आपली मुलगी. दोघींचा गट आहे. मुलगी दुसरी नोकरी शोधतेय, पंधराला मुलाखत. सध्याच्या साहेबांना कळलं तर आहे तीही जायची.
मला का नाही सांगितलं? म्हणाली, अहो, तुमच्या तोंडात तीळ तरी भिजतो का? माझ्या दादाच्या मूळव्याधीचं ऑपरेशन ठरल्याचं त्याच्याआधी अख्ख्या बिल्डिंगला कळलं होतं.
मी फक्त लिफ्टमध्ये बोललो होतो.
पोटची पोरगी, आणि सगळं आईला. डॉक्टर परवडला असता.

११ मार्च
निषेध म्हणून चहा नाकारला. दुसरा घेतला. मला गटात घेतलं. मुलीची अट: आधी आकडे जुळवा. ॲप साठ आकडे देतं, दोन्ही फोनवर तेच हवेत. गुडघ्याला गुडघा लावून बसलो. बायको वाचत गेली, मी बघत गेलो. कित्येक वर्षांत एवढा वेळ बोललो नव्हतो. सगळे जुळले. माझ्या नावापुढे खूण आली. आता मी अधिकृत विश्वासू.

१४ मार्च
न्हाव्याने मुलीचं विचारलं, ताई काय म्हणतायत? म्हटलं, मजेत. पुढे एक शब्द नाही.
तो म्हणाला, त्याच ऑफिसात का अजून? सूर हिणकस होता. बापाला बोलावं लागतं. पण आधी शपथ घ्यायला लावली. वस्तरा माझ्या गळ्यावर होता, तरी शपथ त्यानेच घेतली.

१६ मार्च
मुलाखतीचा निकाल यायच्या आत साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. राजीनामा लिहून घेतला. त्यांची दाढीही त्याच न्हाव्याकडे होते म्हणे.
माझ्या मते गळती ॲपमध्येच आहे. कंपनीला सविस्तर तक्रार पाठवली. मुलगी फोन उचलत नाही.

१७ मार्च, सकाळी ८.०५
मुलगी गटातून बाहेर पडली. ८.०६ ला बायको.
सदस्य: मी.
आता गळतीचा प्रश्नच नाही.
स्वयंपाकघरात बायकोचा फोन वाजला. पुन्हा वाजला. मी गेल्यावर तिने तो पालथा ठेवला.
८.२०. गटात लिहिलं: कुणी आहे का?
८.२५. तेही पुसलं गेलं.