व्याह्यांना विचारायचं आहे आणि नेट नाही

३ मार्च, सोमवार. सकाळ.
नेट गेलं. कॉम्प्युटर चालू होतो, पंखा घरघरतो, स्क्रीनवर एकच रडगाणं: कनेक्शन उपलब्ध नाही. नेमकं याच आठवड्यात! रविवारी अकराला मुलीच्या होणाऱ्या सासू-सासऱ्यांशी व्हिडिओवर पहिली भेट. मुलगा तिच्याच ऑफिसातला, त्यांचं आपसात ठरलंय. मी फक्त नमस्कार म्हणायचा, असं हिचं म्हणणं. जन्मभर ऑडिट केलं मी. नमस्कार म्हणून गप्प बसणाऱ्यातला नव्हे.
संकल्प: संध्याकाळपर्यंत स्वतः दुरुस्त करणार. बाहेरचा माणूस बोलावणार नाही.

संध्याकाळ.
राउटर बंद करून चालू केला. मग कॉम्प्युटर. मग दोन्ही. वायर काढली, फुंकली, लावली. हॉलमधून मुलगी ओरडली, बाबा, राउटरला हात लावू नका, मी मीटिंगमध्ये आहे. म्हणजे तिचं नेट चालू! हिच्या मोबाइलवरही कोणी बाई भरतकाम शिकवत होती. कारण उघड आहे. दोघींनी एवढं ओढल्यावर माझ्या खोलीपर्यंत काय पोचणार? पाण्याचंही असंच होतं.

४ मार्च.
कंपनीला फोन. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं रेकॉर्डिंग वाजत राहिलं. महत्त्वाचा असता तर उचलला असता. शेवटी एक पोरगा आला लाइनवर. राउटरचा दिवा हिरवा आहे का? आहे. मग आमच्याकडून ओके आहे, सर. त्याला कामचुकारपणाचे प्रकार समजावून सांगत होतो, तर फोन कट. यांची फोनची लाइनसुद्धा धड नाही.

५ मार्च.
ही म्हणते, एवढं काय, रविवारी माझ्या मोबाइलवर बोलू, तुम्ही आमच्या मागे उभे राहा. मागे! मुलीचा बाप मागे! स्पष्ट नकार दिला. (माझा स्वतःचा फोन बटणांचा आहे. तत्त्वाचा प्रश्न.)
मागची दोन स्थळं माझ्यामुळे मोडली असा या घरात अपप्रचार आहे. पहिल्याच्या वडिलांना मी इतकंच विचारलं होतं की मुलगा नोकऱ्या फार बदलतो, तो टिकत नाही की त्याला टिकवत नाहीत? दुसऱ्याच्या आईला फक्त वजन विचारलं, तेही आजारपणाच्या संदर्भात. त्यानंतर मुलगी दोन दिवस धड जेवली नाही. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण एका प्रश्नात पळणारं सासर पुढे काय कामाचं?

६ मार्च.
हिचा धाकटा भाऊ आला. स्वतःला कॉम्प्युटरमधला मोठा समजतो. खुर्चीत बसला, बोटं मोडली, दोन बटणं दाबली आणि चहा मागायला म्हणून स्वयंपाकघरात गेला. बहीणभावाची बराच वेळ कुजबुज. परत येऊन म्हणाला, भावोजी, कार्ड गेलंय, पुढच्या आठवड्यात मिळेल, तोवर जरा शांत बसा. कुठलं कार्ड, विचारलं. म्हणाला, आतलं. दोनदा चहा ढोसून गेला. बिनकामाचा माणूस.

७ मार्च.
नेटवाला आला. मी बोलावला नाही, तपासणीसाठी पाचारण केलं. फरक आहे. त्याने स्वतःचा लॅपटॉप उघडला, तर माझ्या खोलीत, माझ्या टेबलावर त्याचं नेट धावतंय! मग माझा कॉम्प्युटर पाहिला आणि म्हणाला, काका, हे कुणीतरी मुद्दाम... तेवढ्यात मुलीने त्याला वायर दाखवायला बाहेर नेलं. परत आला तो नजर वर करेना. म्हणाला, वायरिंग जुनं आहे, सोमवारी बघू. पोरीने बाहेर चांगलाच झापला असणार. शेवटी मुलगी कुणाची!

८ मार्च.
राउटरच्या मागे एक बारीक भोक सापडलं. टाचणी खुपसली की सगळं पहिल्यासारखं होतं म्हणे. टाचणी घेऊन वाकलो, तर मुलीने हात धरला. बाबा, प्लीज, उद्यापर्यंत नको. अगं, उद्यासाठीच तर! तिचे डोळे भरले होते. टेन्शन आलंय पोरीला. टाचणी ठेवून दिली आणि तिला म्हटलं, काळजी करू नकोस, उद्या सगळं मीच बोलणार आहे. ती आणखीच रडायला लागली. आनंदाने असेल.

९ मार्च, रविवार. दुपार.
दहालाच इस्त्रीचा शर्ट घालून स्क्रीनसमोर बसलो. अकरा वाजले. कनेक्शन उपलब्ध नाही. हॉलमधून बोलणं ऐकू येत होतं. मध्येच व्याह्यांनी माझ्याबद्दल विचारलं. मुलगी म्हणाली, बाबांच्या कॉम्प्युटरला नेट नाही. मग सगळे कशावर तरी हसले. तीही हसली. किती दिवसांनी ऐकलं.
हॉलचं दार नुसतं लोटलेलं होतं. जाता आलं असतं. पण मागे उभा राहणार नाही असं बुधवारीच जाहीर केलं होतं. दारापर्यंत जाऊन परत आलो.

संध्याकाळ.
चहा झाल्यावर नेट आपोआप आलं. वायर नीट बसली असावी असं लिहिणार होतो.
मुलगी आली, पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, बाबा, मीच तुमचा कॉम्प्युटर ब्लॉक केला होता. सोमवारी सकाळी. आईला माहीत होतं, मामालाही. हे तिसरंही मोडलं असतं तर मी पुन्हा उभी राहिले नसते. चिडा हवं तर. लग्न ठरलंय.
चिडायला भरपूर होतं. घरच्यांचा कट, मेहुण्याचं कार्ड, नेटवाल्याचं वायरिंग. तोंड उघडलंही. ती आधीच खांदे आवळून, मान खाली घालून बसली होती. माझ्यासमोर ती नेहमी अशीच बसते का? आठवेना. फार लागलं ते. तोंड मिटलं.
ही दारात उभी होती. म्हणाली, बघा, जमतं की तुम्हाला.