तिसरं मूळ

पौड,
१२ नोव्हेंबर २००६

सौ. नलिनीवहिनींस,
सप्रेम नमस्कार.

इकडे सगळं ठीक. कोळवणची भातकापणी उरकली, तुमच्यासाठी आंबेमोहोर काढून ठेवलाय. वेदांतची दाढ दुखते म्हणालात. महाळुंग्यात कुणाला दाखवू नका, माझ्याकडेच आणा. खालच्या दाढेला बहुतेकांना दोन मुळं असतात. आपल्या घरात काहींना तिसरंही असतं, बारीक, जिभेच्या बाजूला वाकलेलं. एक्स-रेच्या सरळ फोटोत ते दुसऱ्या मुळाआड लपतं, आणि भरायचं राहून गेलं की दाढ ठणकत राहते.

जनार्दनदादाचं तसंच झालं होतं. मी मुळं साफ करून भरली, तरी स्वारी गाल धरून परत हजर. यंत्र तिरकं धरून फोटो काढला तेव्हा कुठे ते सापडलं. "माझ्या दातातसुद्धा काही सरळ नाही गं," म्हणाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो भांडून घरातून निघून गेला. वेदांत तेव्हा बालवाडीत होता.

परवा हवालदार दवाखान्यात आले. वरच्या वाडीचा धाकलू लाकडं आणायला दरीत उतरला होता, त्याला हाडं सापडली. "म्याडम, लई जुनी हायेत. वळखायला दातच ऱ्हायलेत. तुमी बगा जरा," म्हणाले.

मी बघितलं. तिरका फोटो काढला आणि दादाचा जुना फोटो शेजारी धरला. कुठेतरी चूक निघावी म्हणून पुन्हा पुन्हा बघत राहिले. मुळाचं वळण तेच. मी भरलेलंही तेच.

वहिनी, वर सौ. लिहिलंय. दुसरं काही लिहायला हात धजला नाही. बारा वर्षं झाली की दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकू, असं आई म्हणायची आणि तुम्ही ताटावरून उठून जायचात. दादा सुरतेत दिसला असं कुणी म्हणालं की तुमचा चेहरा उजळायचा. मीही मान डोलवायचे. आता ते जमायचं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पोलिसांना माझी सही हवी आहे. मी उद्या देते, उद्या देते म्हणतेय. आईला अजून सांगितलेलं नाही. आधी कळायचा हक्क तुमचा, आणि तुम्ही स्वतः फोटो बघितल्याशिवाय मी सही करणार नाही.

वेदांतची दाढ नंतर बघू. आधी तुम्ही एकट्या या. येताना कुंकू लावून या.

दादाची आणि तुमचीही,
सुलक्षणा