गोधडीच्या दोऱ्याचं विमान

प्रिय आबा,

पुन्हा दोऱ्यालाच दोष! परवा फोनवर तुमचं तेच. मासे धरायच्या गळाचा बारीक नायलॉन दोरा मिळत न्हाई, उदबत्त्या हल्ली धड न्हाईत. मी उलट बोललो तर फोन शिवांजलीताईच्या हातात कोंबून तुम्ही गच्चीवर निघून गेलात. पत्राला तशी पाठ दाखवता यायची न्हाई, म्हणून लिहायला बसलो. सातवीत शाळा सोडलेल्याचं पत्र हाय, चुका पोटात घाला.

तुम्ही टेबलावर जोडलेल्या नव्या विमानाचा फोटो ताईनं पाठवला. मोबाईलवर मोठा करकरून बघितला. आबा, वरच्या पंखाला तपकिरी डाग हाय. उदबत्ती टेकलीय. निखारा दोऱ्याखालून नुसता फिरवायचा, ऊब लागली की सैल नायलॉन आपोआप आखडून ताठ होतो, टेकला की संपलं, हे मला कुणी शिकवलं? एक तार पंखांमधल्या खांबाच्या मागून यायची, ती पुढून आलीय. आणि तो दोरा तर गोधडी शिवायचा काळा दोरा हाय. सूत उदबत्तीनं आखडतं व्हय? ते जळतं. पाटणच्या तानाजीला विचारलं, त्याच्या दुकानात गळाच्या दोऱ्याची रिळं पडून हायत, म्हणाला, आबा फिरकलेच न्हाईत. आबा, खोट दोऱ्यात न्हाई. जाड दोरा तेवढाच तुमच्या डोळ्यांना दिसतोय, एवढंच खरं.

मला राग का येतो सांगू? लहानपणी माझं बूड कुठं टेकायचं न्हाई. तुम्ही म्हणायचा, ह्याच्या बुडाखाली निवडुंग उगवलाय. पण विमानदलातनं रिटायर होऊन तुम्ही टेबलावर दोन पंखांची जुनी विमानं जोडायला लागलात, तवा मी तिथं तासन् तास बसायचो. वरच्या पंखाच्या भोकात दोऱ्याचं टोक, त्यावर फेवीक्विकचा ठिपका. दुसरं टोक खालच्या पंखातून ओवून त्याला कपड्याचा चिमटा लटकवायचा, म्हणजे डिंक वाळेपर्यंत दोरा ताणलेला राहतो. आई ओरडायची, माझी धुणी उडाली तरी चालतील, ह्यांची विमानं उडता कामा न्हाईत. तुम्ही दाखवायचा, पोटापासून वरच्या पंखाकडं गेलेल्या तारा उडताना भार घेतात, वरून खाली आलेल्या तारा जमिनीवर. शोभेची एकबी न्हाई.

इथं विशाखापट्टणमला गोदीत मनगटाएवढ्या तारा ओढतो. ह्याआधी कुठल्या कामावर वर्ष काढलं न्हाई, इथं टिकलोय. वजन उचलायच्या आधी तार हातानं चाचपतो, मग डोळ्यानं बघतो. दोन्ही लागतं. आमच्या म्हाताऱ्या मुकादमाला समोरचा इशारा दिसंना, तवा साहेबांनी त्याला घरी बसवलं. लय शिव्या घातल्या त्यानं. मोतीबिंदू काढून आला आणि आता क्रेनखाली उभा राहून आमच्यावर ओरडतो. तुमच्यासारखाच हाय, चूक झाली की आधी तारेला शिव्या.

केरबाकाकांचं मला ठाऊक हाय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचा डोळा गेला, उशाशी तुम्हीच बसला होता. पट्टी सोडल्यावर त्यांनी काय विचारलं, ते तुम्ही आईलासुद्धा सांगितलं न्हाई. म्हणून तुमच्या ऑपरेशनची डॉक्टरची चिठ्ठी तुम्ही गादीखाली सारलीत. ताईला ती सापडली. तिला बोलू नका, मी तिला विचारून विचारून हैराण केलं. आबा, तुम्ही भिता हे मी कुणाला सांगणार न्हाई. मलाबी भ्या वाटतं. काकांचं झालं तसं होणारच न्हाई, अशी शपथ मी कशी घेऊ? पण असंच बसून राहिलात तर दोन्ही डोळे जातील, हे डॉक्टरनं ताईला स्पष्ट सांगितलंय.

अक्षर एवढं मोठं काढलंय ते तुम्हाला स्वतः वाचता यावं म्हणून. ताईला वाचायला लावू नका, ती रडंल. दोन्ही डोळे एकदम कुणी मागत न्हाई. आधी डावा करू, तो जास्त गेलाय. उजवा हाय तसा तुमच्यापाशी राहू द्या. पट्टी सोडताना मी तिथं असणार, रजा मंजूर झालीय. ताईच्या खात्यावर पैसे टाकलेत. घरखर्चाला लावू नका, आणि पोरगं पैसे उधळतं असंबी म्हणू नका. माझ्याकडनं सध्या एकाच डोळ्याचे जमले, बावीस हजार रुपये.

तुमचाच,
ऋषिराज