आईचा पिवळा रुमाल

वायोस,

मठात तुला फादर पार्थेनिओस म्हणतात. मी म्हणणार नाही. आईने ठेवलेलं नाव मला पुरे.

गेल्या थंडीत दमेकरी आईला धरून मी कड्यावरच्या तुमच्या मठाच्या सगळ्या पायऱ्या चढवल्या. तू दारापर्यंतही आला नाहीस. द्वारपालाकरवी निरोप धाडलास, "संन्याशाला आई नसते," आणि वर प्रसादाचा पाव. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं, तर आई म्हणाली, "ओरडू नकोस गं, त्याची प्रार्थना मोडेल."

परवा संत जॉर्जचा सण झाला. मामाचा लाम्ब्रोस दरवर्षीसारखा दोराने कड्यातल्या संताच्या गुहेत चढला आणि गावातल्या बायकांचे डोईचे रुमाल बांधून आला. तिथे जित्यांचेच रुमाल बांधतात, वर्षभर तब्येत राहावी म्हणून. गुहा तुझ्या खिडकीसमोरच आहे. आईचा पिवळा रुमाल दिसला की तू तिच्या आयुष्यासाठी गुडघे टेकतोस, हे द्वारपालानेच मला सांगितलं.

यंदाही दिसला ना?

लाम्ब्रोस कचरत होता. "आसिमो, मेलेल्या बाईचा रुमाल? पाप लागेल!"

"बांध मुकाट्याने. लागलं तर मला लागेल."

आई ईस्टरआधीच्या उपासात गेली. मेलेल्यांसाठी वाटतात ते गहू तिच्या नावाने शिजवून मी एकटीने वाटले, तुला कळवलं नाही.

हे पत्र आत्ता चुलीत जाईल. तू माग तिच्यासाठी आयुष्य, दरवर्षी माग. रुमाल मी पाठवत राहीन. ती जिवंत होती तेव्हा तुला आई नव्हती. आता असू दे.

तुझी कुणीच नसलेली,
आसिमो