बूट घालून माहूर

अर्धापूर, ५ जानेवारी २०२६

ती. सुकन्याताईस,
तुझ्या चुलतभावाचा, भीमाशंकरचा, सा. न. वि. वि.

इथलं नेट रडत चालतंय. म्हणून तू बनवलेल्या गेमचा पेन ड्राइव्ह हे पत्र बांधून केळाच्या गाडीवर परत धाडला. केळाच्या दोन फण्या बी हायत, काकांना दावू नको.

गेम गल्लीतल्या लेकरांना टीव्हीवर लावून दिला. उड्या झकास हायत. पर दुसऱ्या टप्प्यालाच लेकरं उठली. एक तर हिरोला मुद्दाम दरीत ढकलून गेलं. ताई, तो बर्फाचा किल्ला कुणाचा गं? आमच्यात बर्फ दिसतंय गोळेवाल्याच्या गाड्यावर. नुसत्या उड्या कोन किती मारणार? पोरगं कुठं चाललंय ते बी आपलं वाटाया पायजे. त्याला केळीच्या बागंतून माहूरच्या पायऱ्यांवर ने की.

बोललेलं पोटात घाल, आधी केळं घाल.
तुझा भीम्या

लातूर, १९ जानेवारी

चि. भीमास, अनेक आशीर्वाद.

केळी तुझ्या काकांनीच, आमच्या अप्पांनीच खाल्ली. तुझं बोलणं लई झोंबलं, मग पटलं. किल्ला पाडला. आता अर्धापूरची बाग, पाटाचं पाणी आणि वर माहूर केलंय. नीट लावून बघ. दिवाळीत पाहुण्यांच्या चपला लपवल्यास, तसली थेरं नकोत. अप्पांनी मला निक्षून सांगितलंय, इथल्या शिवरात्रीच्या यात्रेत गेमचा स्टॉल लाव. लोक थांबले तर तुझं खरं, न्हाईतर दुसऱ्या दिवशी गेम बंद आणि आपल्या पेंडीच्या दुकानात गल्ल्यावर बस. मला आत्ताच पेंडीचा वास येऊन राहिलाय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

अर्धापूर, २७ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

घरात पाय ठेवाया जागा न्हाई. बाग दिसली की लेकरं वरडतेत, ही तर आपली! पर माहूरच्या पायथ्याला समदी थांबतेत. मला वाटलं उडी अवघड हाय. कशाची! शेजारच्या गुरम्माकाकूनं माझ्या हातातला रिमोटच हिसकला. म्हणाली, मेल्या, बूट घालून आईच्या पायऱ्या चढून राहिला? तवापासून एक बी लेकरू पुढं जाईना. पाप लागंल म्हणतेत.

किल्ल्यात बी हेच बूट होते की हिरोच्या पायात. तवा कुणाला दिसले?

आतापर्यंतचं पाप माझ्या नावावर टाक, तिथं जागा हाय. यात्रेला येतोच.
भीम्या

लातूर, १७ फेब्रुवारी

चि. भीमास, आशीर्वाद.

यात्रेतून न सांगता पळालास, म्हणून पुढचं लिहिते. गेममधल्या पोराला मी पायथ्याशी बूट काढायला लावलेलं तू पाहिलंस. अनवाणी पोराला पायरी भाजते, म्हणून सावलीतून सावलीत उडी. त्या पायऱ्यांसाठीच लोक रांगा लावून होते.

भर दुपारी अप्पा मला न्यायला आले. रांग बघून मिशीत पुटपुटले, मग म्हणाले, सरक, मला बी दे. पायथ्याला पोरानं बूट काढले आणि अप्पांनी टेबलाखाली स्वतःच्या चपला. त्यांचं त्यांना कळलंसुद्धा न्हाई. पाय भाजून परत परत हरले तरी उठेनात. उठले तेव्हा चपला गायब!

घरापर्यंत डांबरावरून सावली हेरत, उड्या मारत आले. मागं मी हसू दाबत. उंबऱ्यावर टेकून तळवे चोळत म्हणाले, गल्ल्यावर दुसरं माणूस बघतो, तू पुढचा डोंगर कर.

तेव्हा भीम्या, अप्पांच्या चपला केळाच्या गाडीवर बसव. त्या पोचेपर्यंत आशीर्वाद अर्धाच धर.
तुझी ताई