जानूला मराठी कळते

प्रिय आई,

परवा दवाखान्यात डॉक्टरांसमोर दादानं तमिळ सोडून मराठी सुरू केली, आणि तिथून सगळं बदललं. म्हणून तुला लिहितोय. तुझ्याशिवाय हे सांगू कुणाला? शिवाय अर्धी चूक तुझीच आहे.

दादाच्या जानूला रक्ताचा कॅन्सर निघाला. सात वर्षांची पोर! ताप हटत नव्हता, पायांवर निळे डाग उठत होते. आम्ही म्हणत राहिलो, शाळेत पडली असेल. डॉक्टरीणबाई इंग्रजीत म्हणाल्या, लहान मुलं यातून बरी होतात; पण उपचार लांबतील, चेन्नईला न्या.

जानू वहिनीच्या मांडीवरच होती. तेव्हा दादानं आपलं नेहमीचं केलं. बाजारात भाव पाडायचा असला, पाहुणे उठत नसले, की आपण सगळे करतो तेच. समोरच्याला कळू नये म्हणून मराठीत शिरला. पण आपली मराठी स्वयंपाकघरातली, तिच्यात या रोगाला शब्द कुठला? तो आम्हाला म्हणाला, "पोरीचं रक्त नासलंय. तिला कळता कामा नये."

जानू खिडकीबाहेर बघत होती. मराठीत काही विचारलं तरी ती तमिळमध्येच उत्तर देते, म्हणून आम्ही धरूनच चाललो होतो की तिला येत नाही.

आई, दुपारी तिला कुशीत घेऊन गोष्टी सांगायचीस, त्या कुठल्या भाषेत गं? आम्हाला एकदा सांगायचं तरी!

आज संध्याकाळी मी फोन बघत बसलो होतो. मलरचा मेसेज नव्हता. हो, अजून तेच. तू गेल्यावर तिच्यासाठी कॉलेज अर्ध्यात सोडून कोइमतूरला गेलो, तिनंच मला बसमध्ये बसवून परत पाठवलं. हसू नकोस.

तेवढ्यात जानू आली. एरवी मला तमिळमध्ये 'चित्तप्पा' म्हणते.

"काका," ती म्हणाली, "नासलं की ओतून टाकतात?"

चक्क मराठीत! तेही तुझ्यासारखं, हेल काढून.

मी फोन बाजूला ठेवला. विचारलं, "दूध नासलं की आजी टाकायची का?"

तिनं विचार केला. "नाही. गूळ घालून आटवायची."

"मग?"

"मग मला किती आटवणार?"

मी हसलो. तीही हसली. मग जमेल तसं सगळं सांगितलं. सुया, औषधं, चेन्नई, केस जातील तेही. केस पुन्हा येतात ना, एवढंच तिनं विचारलं. येतात म्हटलं. आता झोपली आहे.

परवाच मी दादाला म्हटलं होतं, तिला सांगून टाक. तो उसळला, "कॉलेज अर्धं, प्रेम अर्धं, आणि मला अक्कल पुरी शिकवतोस!" मी ताटावरून उठलो. पोर त्याची आजारी, आणि रुसलो मी! तू असतीस तर दोघांनाही झापलं असतंस.

तुला शब्द देतो. चेन्नईला मी जानूबरोबर जाईन. डॉक्टर जे म्हणतील ते तिला आपल्या भाषेत सांगेन, काही न लपवता. आणि दादावर ओरडणार नाही.

तो बाहेर ओट्यावर वहिनीशी हळू आवाजात बोलतोय. अजून मराठीतच, जानूला कळू नये म्हणून! जाऊन सांगतो, तिला केव्हाच कळलंय.

ओरडणार नाही म्हटलं खरं, पण माझा काय भरवसा? पोर झोपली आहे. जाताना दार लावून घेतो.

तुझा,
गोपू