तुझ्या नावाची पाटी लावू दिली नाही

प्रिय आई,

आज तुझ्या शाळेत जाऊन आले. तुला जाऊन वर्ष होत आलं, म्हणून पूर्णेच्या शाळेने नव्या समुपदेशन कक्षाला तुझं नाव द्यायचं ठरवलं होतं. पाटी रंगवून तयार होती. मी ती लावू दिली नाही. त्याचं कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुला लिहायला बसले.

खरं तर मुख्याध्यापकांनी माझ्याकडे तुझ्यावर पानभर मजकूर मागितला होता. इतकी वर्षं परभणीच्या दैनिकात काढली. गेलेल्या माणसावर चारशे शब्द माझ्याकडून चहा निवायच्या आत लिहून होतात. तुझ्यावरचेही झाले. ‘मुलांच्या घरापर्यंत पोहोचणाऱ्या कुलकर्णी बाई’ असा मथळाही दिला. मग तो मथळा पुन्हा वाचला आणि सगळं पुसून टाकलं.

पोहोचायचीस ना तू घरापर्यंत!

दहावीतली माझी मैत्रीण आठवते? तिचं नाव आणि गाव इथेही लिहीत नाही. कागद कुणाच्या हाती लागेल याचा भरवसा नसतो. तू तेव्हा मार्गदर्शनाचं प्रशिक्षण घेऊन नुकतीच आली होतीस. प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत मधल्या सुट्टीत मुलांना भेटायचीस, पुढे काय शिकायचं ते सांगायचीस, कुणाचं मन लागत नसेल तर ऐकून घ्यायचीस. तिला तुझ्याकडे मीच पाठवलं. म्हटलं, आईला सांग, ती कुणाजवळ बोलत नाही.

तिने तुला सांगितलं, की घरचे आत्याच्या मुलाशी तिचं लग्न जमवायच्या मागे आहेत, आणि तिला निकाल लागला की नांदेडच्या तंत्रनिकेतनला अर्ज करायचाय. तिथली माहितीपुस्तिका तिने आपल्याच घरी, माझ्या दप्तरात लपवली होती. मी बाहेर थांबले होते, पण दार तू लावलं नव्हतंस. शेवटी ती म्हणाली, "बाई, एवढं घरी सांगू नका." तू तिच्या पाठीवरून हात फिरवलास. हो म्हणालीस का गं? मला आठवत नाही. तिला मात्र तू हो म्हटल्याचं आठवतं.

त्या रविवारी संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं निमित्त काढून तू एसटीने तिच्या गावी गेलीस. तुझा हेतू वाईट नव्हता, हे मी मान्य करते. त्याने काही फरक पडत नाही. चहा पिता पिता तू तिच्या वडिलांना सगळं सांगितलंस आणि मुलगी हुशार आहे, शिकू द्या, असं वर म्हणालीस. त्यांनी मान डोलावली. तिच्या आईने तुझी ओटी भरली, चांगला खण दिला. घरी येऊन तू तो मला दाखवलास. किती मानाने वागवलं, माणसं समजूतदार आहेत, असं रात्रीच्या जेवणापर्यंत सांगत होतीस.

समजूतदारच होती. सोमवारपासून त्यांनी तिला शाळेत पाठवलं नाही. माघात लग्न उरकलं. मार्चच्या परीक्षेला तिचा बाक रिकामा होता. आणि तू त्याच खणाचं ब्लाउज शिवून तिच्या लग्नाला गेलीस! अक्षता टाकताना तुझा हात कसा वर गेला, आई?

मी भांडले तेव्हा तू म्हणालीस, "आई-बापाला अंधारात ठेवून कुठल्या पोरीचं भलं झालंय?" तू एकदा चुकली असतीस तर मी विसरले असते. पण तू निवृत्तीपर्यंत तेच केलंस. मुलाने तुझ्याजवळ तोंड उघडलं, की रविवारी तू त्याच्या दारात. गावोगाव तुझ्या ओट्या भरल्या गेल्या. मुलं तुझ्यापेक्षा लवकर शिकली. तुझ्या नोंदवहीत पुढची सगळी वर्षं सगळ्या मुलांची एकच अडचण लिहिलेली आहे: अभ्यासात लक्ष लागत नाही. मुख्याध्यापक ती वही पाहुण्यांना दाखवायचे. आमच्या शाळेत गंभीर प्रश्नच नाहीत म्हणायचे. तू शेजारी उभी राहून हसायचीस.

आता शाळेत रीतसर शिकून आलेली समुपदेशक आहे. नांदेडहून रेल्वेने येते, जेमतेम सव्वीस वर्षांची. ती मला म्हणाली, मुलं येतात, अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणतात आणि उठून जातात. तुला जाऊन वर्ष होत आलं तरी तुझी शिकवण चालू आहे.

माझी ती मैत्रीण आता पूर्णेतच राहते. तिची मुलगी नववीत आहे, तुझ्याच शाळेत. दोन महिन्यांपासून मुलगी नीट जेवत नाही, मैत्रिणींत जात नाही, विचारलं तर भिंतीकडे तोंड करून झोपते. मैत्रीण माझ्याकडे आली. मी म्हटलं, शाळेतल्या त्या बाईंकडे पाठव, चांगल्या आहेत.

"तिथं बोललेलं घरी येतंय का गं आता?" तिने विचारलं.

नाही येत, असं मी सांगितलं. मग पाटीचं सांगितलं, आणि विचारलं, की ती लावतील त्या दिवशी मी उठून खरं काय ते बोलू का.

"पाटी लावायलेत तर लावू दे. बाई लय चांगल्या व्हत्या माझ्याशी," ती म्हणाली. "माझं मात्र बोलू नको. नाव न घेता बी लोक वळखतात. आन् पोरगी काय तिथं जायची न्हाई. कुलकर्णी बाईच्या खोलीत अभ्यासाबिगर कायबी बोलायचं न्हाई, हे मीच तिला शिकवलंय."

लेकीला आईकडून काय काय मिळतं बघ.

दारावर तुझं नाव लागलं असतं तर ती कायमची तुझीच खोली राहिली असती. म्हणून आज मी मुख्याध्यापकांना नको म्हणाले. त्यांनी कारण विचारलं. घरचं आहे, एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "ज्या आईने वाढवलं तिच्या नावाचं एवढं वावडं?" शिपाई पाटी उचलून आत घेऊन गेला. जमिनीवरून आम्हा बहीण-भावात बिनसलंय, अशी अफवा संध्याकाळपर्यंत दादाच्या कानावर आली होती.

पाटी लागणार नाही, एवढं मैत्रिणीला कळवलं, तशी दुपारी तीच मुलीला घेऊन आली आणि मुलगी त्या खोलीत गेली. दार आतून लागलं. मैत्रीण फाटकाशी उभी होती. मुलगी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. काय बोललीस, असं तिला विचारायचं नाही, हे मैत्रिणीकडून मी कबूल करून घेतलंय. मलाही माहीत नाही. कळून घेणारही नाही.

तुला एक वचन देते. तुझं नाव तिथे का नाही, हे मी कधी कुणाला सांगणार नाही. लोक मला कृतघ्न म्हणतील, तुला शेवटपर्यंत चांगली म्हणतील. म्हणू देत. तुला एकदाही जमलं नाही ते मी मरेपर्यंत करेन. मी गप्प बसेन.

तुझी,
सुधा